टाकी बघायला गेलेले मामा

सकाळी साडेनऊपर्यंत ताईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक भांडण, एक माफी आणि एक खोटी चक्कर उरकलेली असते. तिन्ही प्रसंगांतली सगळी कामं ताईंचे यजमान करतात. बायकांचीसुद्धा.

“तू मला आयुष्यभर फसवलंस,” उद्या पाणी येणार नाही असं सांगावं तशा आवाजात ते वाचतात. “इथे ‘रडते’ असं लिहिलंय. रडू का?”

“नको. पुढे चला.”

ताई रोजच्या मालिकेचे संवाद लिहितात. गोष्ट चॅनलकडून येते, तिचे प्रसंग पाडून पटकथा करायचं काम माझं, आणि त्या प्रसंगांतल्या माणसांच्या तोंडी शब्द घालायचं काम ताईंचं. आठवड्याला सहा भाग. हे सगळं सुरू व्हायच्या आधी त्या एका दवाखान्यात चौकशीच्या खिडकीमागे बसायच्या. घाबरलेला माणूस वाक्य कुठून सुरू करतो ते तिथे कळलं, असं त्या सांगतात. “कुणी सरळ विचारत नाही गं. आधी पंखा का बंद आहे ते विचारतात, मग आईचा खोली नंबर.”

यजमान निवृत्त नकाशाकार. नाटक-सिनेमाचं वेड औषधालाही नाही, आणि ताईंना नेमकं तेच हवं असतं. “नट चांगला असला की फालतू वाक्यसुद्धा निभावून नेतो. ह्यांच्या तोंडात जे उभं राहील ते कुठेही उभं राहील.” ते अडखळले की ताई तिथे पेन्सिलीने फुली मारतात आणि वाक्य बदलतात. गेली कित्येक वर्षं आमच्या प्रत्येक नायिकेची पहिली तालीम अशी जाड भिंगांचा चष्मा लावून झालेली आहे.

त्या दिवशी त्यांनी कागद मध्येच खाली ठेवले.

“अगं, ते मामा कुठे गेले?”

“कुठले मामा?” हे मी विचारलं.

“सासूचा भाऊ नाही का? त्याच घरात राहतात ते. मला आवडतात वाचायला. टाकी बघून येतो म्हणाले होते. खाली आले का?”

ताईंनी जुने भाग उघडले. दोनशे बाराव्या भागात मामा म्हणतात, “नळाला पाणी का नाही? थांबा, टाकी बघून येतो,” आणि जिन्याने वर जातात. दोनशे तेराव्या भागापासून चॅनलला वाटणीचं भांडण हवं होतं, तेही तातडीने. मी घाईघाईत प्रसंग पाडले. भांडणात मामांचं काही नव्हतं म्हणून ते एका प्रसंगातून वगळले, मग दुसऱ्या, मग सगळ्याच.

“चोपन्न भाग!” मी म्हणाले. “चोपन्न भाग माणूस गच्चीवर आहे.”

“आणि ऊन काय आहे,” यजमान म्हणाले.

मला हसू फुटलं. ताईंना नाही.

“त्यांना कुणी फोन केला होता का?” ताईंनी विचारलं.

कुणी केलेला नसणार. आमच्याकडे नटाला काढलं असं कुणी तोंडाने सांगत नाही. प्रसंगात नाव नसलं की सेटवरून फोन जात नाही, आणि फोन गेला नाही की नटाने काय ते समजायचं. मामांचं काम करणारे गृहस्थ रंगभूमीवर हयात घालवलेले. सेटवर त्यांनाही सगळे मामाच म्हणतात. सत्तरी उलटली, हातात ही एकच मालिका. त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं असणार.

ताईंनी फोन लावला, स्पीकरवर ठेवला.

“मामा, मी ताई. कसे आहात?”

“ठणठणीत. मला काढल्याचं सांगायला फोन केलात ना? एवढी तसदी कुणी घेत नाही. बरं वाटलं.”

“काढलं नाही हो. विसरलो.”

पलीकडे मामा हसले. “विसरलात? हे जास्त बरं की जास्त वाईट, ते जरा बघू द्या मला.” आणि पाठोपाठ, अगदी घाईने, “मामांची मिशी ठेवलीय हं अजून! बायको रोज म्हणते, काढा आता ती झाडणी. मी म्हटलं, असू दे.”

फोन ठेवल्यावर ताईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

चॅनलवर आमची मालिका सांभाळणारा अधिकारी ताईंच्या मुलापेक्षा लहान आहे. वाईट नाही, फक्त कायम घाईत.

“सोडून द्या ना ताई. एका प्रेक्षकाने तरी विचारलं का? आता आणले तर आपलीच चूक उघडी पडेल.”

“तीच चूक कामाला लावते. घरात तरी कुणी विचारलं? मामा टाकी बघून खाली आले तेव्हा भांडण रंगलं होतं. त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. पिशवी भरली, मित्राकडे जाऊन राहिले. हाक आली की परतायचं ठरवून. हाक आलीच नाही.”

तो क्षणभर खरोखर थांबला.

“एक प्रसंग,” तो म्हणाला. “वाटणीच्या बैठकीत बसवा. जमला तर ठेवू. नाही जमला तर मामा मित्राकडेच बरे.”

ताईंनी तो प्रसंग चार वेळा लिहिला. चौथ्या खेपेला मामांच्या तोंडी एक वाक्य आलं: “इतके दिवस माझं ताट मांडलं नाहीत, तरी ह्या घरात कुणाला एक ताट कमी वाटलं नाही.” यजमान अडखळले नाहीत. वाचून झाल्यावर मात्र उठून पाणी प्यायले. ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू लढाई जिंकलो.

शूटिंगच्या दिवशी दुपारी मेकअपच्या खोलीत मामांनी पानं वाचली आणि ताईंसमोर हात जोडले.

“लेखिकाबाई, प्रसंग झकास. ताटाचं वाक्य तेवढं काढा.”

“अहो, सगळा प्रसंग त्या वाक्यावर उभा आहे!”

“म्हणूनच. हे वाक्य मामा नाही बोलणार, मी बोलेन. मला रडू येईल. आणि लोक म्हणतील, म्हातारा स्वतःचंच गाऱ्हाणं गातोय.”

“मग काय बोलाल तुम्ही?”

“काहीच नाही. पण नुसतं ‘मामा गप्प’ लिहू नका. दिग्दर्शक कापून टाकेल. माझ्या हाताला काम द्या आणि मग गप्प करा.”

ताई चिडल्या. इतकी वर्षं माणसांना बोलतं ठेवण्यावर त्यांचं घर चाललं होतं, आणि हे गृहस्थ ऐन परीक्षेच्या दिवशी शब्दच परत करत होते. पुटपुटत त्या कपड्यांच्या पेटीवर बसल्या. वाक्यावर काट मारली. बराच वेळ पेन्सिल चावली. मग लिहिलं: सगळे गोल बसून भांडतायत. मामा येतात. खुर्ची शिल्लक नाही. आतून एक खुर्ची उचलून आणतात. कुणी सरकत नाही. खुर्ची हातात धरून उभे राहतात.

“आणि मग?” मी विचारलं.

“मग कुणीतरी सरकेपर्यंत उभेच.”

प्रसंग सुरू झाला. सासू ओरडत होती, दीर कागद नाचवत होता. मामा आत आले, खुर्ची घेऊन कडेला उभे राहिले. खुर्ची जड होती. एकदा त्यांनी ती या हातातून त्या हातात घेतली, आवाज होऊ न देता. मी त्यांच्या मनगटाकडे बघत राहिले. नायिका तावातावाने बोलत होती. तिची नजर मामांकडे वळली आणि शब्द तोंडातच राहिले. पुढचं वाक्य ती साफ विसरली होती. तिने आपली खुर्ची ओढून बाजूला घेतली. मामांनी आपली ठेवली, बसले, आणि गुडघ्यावरची धूळ झटकली.

दिग्दर्शकाने कट म्हणायला फार वेळ लावला.

मॉनिटरसमोर बसलेला चॅनलचा अधिकारी काही क्षण नखं बघत होता. “तिचं विसरलेलं तसंच ठेवा,” तो म्हणाला. मग मागे वळून, “पुढच्या आठवड्यात मामांचे किती दिवस मिळतील?”

सेटच्या व्यवस्थापकाने शूटिंगच्या चार तारखा वाचल्या. मामांनी खिशातून छोटी डायरी काढली, चष्मा पुसला, आणि एकेक तारीख लिहून घेतली. तिसरी त्यांनी दोनदा सांगायला लावली.