एका आडनावाची दोन घरं

माझं माहेरचं आडनाव आणि सासरचं आडनाव एकच. चुलत्यांच्या मुलाशी लग्न झालं म्हणजे दुसरं काय होणार! रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावात मुसलमानांची जेवढी घरं, तेवढी सगळी एकाच आडनावाची. गावाचं नाव घ्यायचं, मागे 'कर' लावायचं, झालं आडनाव. पोस्टमनने आडनावाने हाक मारली की सगळ्या मोहल्ल्याची दारं उघडायची. म्हणून प्रत्येक घराला गावाने आपल्या मर्जीने वेगळं नाव ठेवलेलं. कुणी चिंचेखालचे, कुणी होडीवाले. आम्हाला तिखटे म्हणत. ते का, हे वेगळं सांगायची गरज पडणार नाही.

साठच्या दशकात आमचे हे दुबईत होते, खाडीवर बांधकाम करणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर. मी मागाहून बोटीने गेले. तेव्हा तिथे पाणी गाढवावरून यायचं आणि बाजारात रुपया चालायचा, असं आज नातवंडांना सांगितलं तर "रियली, दादी?" म्हणून पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घालतात. नुसतं घरात बसून माझं डोकं फिरायला लागलं, तेव्हा मी खाडीपलीकडच्या हॉस्पिटलात बाळंतिणींच्या वॉर्डात मदतनीस म्हणून लागले. माझं मोडकंतोडकं इंग्रजी तिथेच सुधारलं.

वॉर्डाची सिस्टर, म्हणजे मुख्य नर्स, आयरिश होती. चाळिशीला टेकलेली, बिनलग्नाची, कामाला वाघीण. माझं लग्नाआधीचं आडनाव तिने विचारलं, मी तेच पुन्हा सांगितलं. बाकीच्या हसल्या. ती मात्र खूश झाली. म्हणाली, माझ्या गावातही असंच आहे. तिचं आडनाव मी इथे देत नाही, कारण त्यांच्या देशाच्या नैऋत्य टोकाला दोन खाड्यांच्या मध्ये जमिनीची एक जीभ आहे आणि तिच्यावर जिकडे तिकडे त्याच आडनावाची माणसं आहेत. उगाच एवढ्या लोकांचा राग कोण ओढवून घेईल? आडनावाच्या सुरुवातीला 'ओ' होता. त्याचा अर्थ म्हणे नातू, म्हणजे अमक्याच्या वंशातला. आणि तो अमका कोण, तर काळ्या डोळ्यांचा कुणी जुना सरदार. सिस्टरचे डोळे निळेशार. मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाली, इतक्या पिढ्या पाऊस पडला की रंग जाणारच. शाळेत अख्खा वर्ग त्या एकाच आडनावाचा असायचा, म्हणून त्यांच्याकडेही घरांना वेगळी नावं होती. तिचं घर चक्कीवाल्यांचं, कारण पणजोबांची पाणचक्की होती. मला एकदम आपल्या गावी बसल्यासारखं वाटलं.

मग ह्यांच्या कंपनीतले इंजिनियर साहेब हाताचं बोट चेचून घेऊन हॉस्पिटलात आले. हॉस्पिटल छोटं, मलमपट्टीही आमची सिस्टरच करायची. सिस्टरने आडनाव विचारलं आणि तिच्या हातातली पट्टी खाली पडली. तेच आडनाव! साहेब वाढले इंग्लंडात, पण आजोबा त्याच जिभेवरचे. बोट लवकरच बरं झालं, तरी साहेब पट्टी बदलायला येतच राहिले. शेवटी बदलायला पट्टीच राहिली नाही, तेव्हा त्यांनी लग्नाचं विचारलं. सिस्टर हो म्हणाली आणि त्या दिवशी तिने वॉर्डात एकीलाही ओरडा दिला नाही.

पण त्यांच्या धर्मात जवळच्या नात्यात लग्न चालत नाही. अधूनमधून बोटीने येणारे पाद्री म्हणाले, दोघं एकाच आडनावाचे, एकाच मुलखातले, तर पणजोबांपर्यंत नातं नाही अशी माझी खात्री पटवा. नाहीतर बिशपकडून परवानगी आणायला हवी, आणि तिला महिने लागतील. सिस्टरला आपले पूर्वज तोंडपाठ. साहेब म्हणाले, मला काही माहीत नाही, वडील लहानपणीच गेले. त्यातच कंपनीने त्यांची बदली आफ्रिकेत केलेली. लग्न आता झालं तर झालं. सिस्टर चादरींच्या खोलीत जाऊन रडली आणि बाहेर येऊन म्हणाली की डोळ्यांत डेटॉल गेलं. मला इतका संताप आला की त्या दिवशी मी वॉर्डाची फरशी दोनदा घासली.

आमच्या शेजारी पुण्याच्या एक वहिनी राहायच्या, अकाउंटंटची बायको. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. एक आडनाव, एक मूळपुरुष, म्हणजे एक गोत्र. भाभी, हे तर बहीण-भाऊ झाले! मी विचारलं, मग मी आणि आमचे हे कोण? वहिनी उठून आपल्या घरी गेल्या. दोन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आमटी पाठवली आणि मी त्याच वाटीतून मच्छीचं कालवण पाठवलं. मग आठवलं की त्या मच्छी खात नाहीत. त्यांच्या ह्यांनी खाल्लं.

शुक्रवारी सुट्टी होती. मी सिस्टर, साहेब आणि पाद्री तिघांनाही दुपारी जेवायला बोलावलं. हे म्हणाले, लोकांच्या लग्नात आपण कशाला पडायचं? मी नुसतं पाहिलं. ते नारळ खवायला बसले.

भात वाढता वाढता मी साहेबांना विचारलं की आडनाव राहू द्या, गावात तुमच्या घराला काय म्हणायचे? पाद्रींनी मान वर केली. हा प्रश्न त्यांना सुचलाच नव्हता. साहेब म्हणाले, आठवत नाही. खोटं! ज्याला खरंच आठवत नाही तो वर बघतो, हे ताटात बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. माझा काही स्वभाव लपत नाही. मी डाव खाली ठेवला.

"साहेब, आम्हाला गावात तिखटे म्हणतात," मी म्हटलं. "मी सांगितलं. आता तुम्ही सांगा."

साहेब घटाघटा पाणी प्यायले. आजोबांनी म्हणे मरताना बजावलं होतं की हे नाव कुठे काढू नकोस, त्याच्यापायीच मी देश सोडला. मग अगदी हळू आवाजात त्यांनी ते सांगितलं. त्यांच्या घराला मेंढेचोर म्हणत.

पाद्रींचा चेहरा उजळला. ते त्याच मुलखातले निघाले! चक्कीवाले आणि मेंढेचोर ह्या फार जुन्या काळी फुटलेल्या दोन शाखा, त्यांच्यात कधी सोयरीक झालेलीच नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. नात्याचा प्रश्नच मिटला. आमचे हे खुशीत येऊन "खलास!" म्हणाले आणि पाद्रींना आणखी कालवण वाढायला लागले. मी सिस्टरकडे पाहिलं, तर तिने हातातला चमचा खाली ठेवला होता.

"तो मेंढा आमचा होता," ती म्हणाली.

सोयरीक का झाली नाही, ते आता सगळ्यांना कळलं. तिची आजी दर थंडीत चुलीपाशी बसून त्या मेंढ्याची गोष्ट सांगायची आणि दरवेळी रडायची. दोन घरांचं बोलणं तेव्हापासून बंद. एवढं सांगून सिस्टर उठली, मला थँक यू म्हणाली आणि न जेवता निघून गेली. साहेबांनी ताट बाजूला सारलं. एक अडचण मी काढली होती आणि तिच्याहून मोठी आणून ठेवली होती. ह्यांनी गुपचूप सगळी ताटं उचलली, हे त्यांचे उपकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात होते. गेटवर गलका ऐकू आला म्हणून सिस्टर बाहेर गेली, तिच्या मागे मी. साहेब उभे होते, त्यांच्या हातात दोरी, दोरीला मेंढा. आफ्रिकेतल्या बर्बेरा बंदरातून बोटीने मेंढ्या यायच्या त्यातला, पांढरं अंग नि काळं डोकं. मागे आमचे हे. अब्र्यातून, म्हणजे तिथल्या छोट्या होडीतून, खाडी ओलांडताना मेंढा दोन पठाणांच्या मांडीवर चढला होता आणि ह्यांनी वाटभर माफी मागितली होती. साहेबांचा शर्ट घामाने चिकटला होता. त्यांनी नुसती दोरी पुढे केली.

सिस्टर मेंढ्याभोवती फिरली. तोंड उघडून त्याचे दात पाहिले.

"आमच्याला शिंगं होती," ती म्हणाली.

साहेबांनी मान खाली घातली. मला वाटलं, गेलं, सगळं गेलं. सिस्टरने त्यांच्या हातातून दोरी घेतली आणि मेंढ्याला घेऊन आवारात चालायला लागली. साहेब गेटबाहेरच उभे. थोडं पुढे गेल्यावर ती थांबली. मागे वळली नाही.

"उन्हात उभे राहू नका," ती म्हणाली. "घरी कळवायचंय ना, मेंढा परत आला म्हणून. दोघांनी मिळून लिहू."