दाजींनी कीबोर्डला हात लावला नाही

दाजी गेल्याची बातमी मी दोनदा कापली. शाळेच्या ऑफिसात बसून मुलांची माहिती ऑनलाइन भरत होतो. पोर्टल तिसऱ्यांदा लटकलं होतं, ओटीपी आत्ता येतो की मग येतो म्हणून मोबाइल हातात धरून बसलो होतो, आणि नेमका तेव्हाच भाच्याचा, संतोषचा, फोन. कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. शेवटी ओटीपी आला, टाकला, तर मुदत संपली म्हणून लाल अक्षरांत उत्तर. त्या तिरमिरीतच तिसरा फोन उचलला आणि म्हणालो, "काय आग लागलीय का रे?" पलीकडून संतोष एवढंच बोलला, "मामा, दादा गेले..." वडलांना तो दादा म्हणायचा. परतूरहून कुंभार पिंपळगावला पोचेपर्यंत मी त्या पोर्टलला, मोबाइलला आणि खरं सांगायचं तर दाजींनाही मनातल्या मनात शिव्या घालत होतो. माणूस गेला की आधी रडू यावं अशी रीत आहे. मला राग आला होता. वर्षभर आमचं धड बोलणं नव्हतं, आणि ते मिटवायची सवड न देताच हा माणूस निघून गेला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. त्यांचे वडील मेंढरांमागं फिरले. हे टेलिफोन खात्यात केबल जोडायला लागले. केबलच्या आत दोऱ्यासारख्या बारीक तारा असतात, रंगारंगांच्या जोड्या. खड्ड्यात उकिडवं बसून त्या न चुकता जोडायच्या. 'हाताचा पक्का' म्हणून त्यांचं सगळ्या तालुक्यात नाव होतं. रिटायर झाल्यावर लोक देवधर्माला लागतात, हे लिनक्सला लागले. कुठं भंगारात निघालेला कॉम्प्युटर दिसला की आण घरी, काढ त्यातलं विकतचं विंडोज, टाक हे फुकट मिळणारं लिनक्स. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाच्या पानात जिलबी पडायच्या आत त्याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय ते ऐकावं लागे. मी एकदा म्हणालो, "दाजी, फुकटातलं काय कामाचं असतं का?" तर म्हणाले, "फुकट न्हाई रे, मोकळं हाय. पेटी तुझी आन् किल्ली दुकानदाराकडं, आसा सौदा तू करशील का?" मला पेटीही नको होती आणि किल्लीही नको होती. मला पाचवीची प्रश्नपत्रिका छापायची होती.

पण एका दिवाळीत माझ्या लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला आणि मी आयताच त्यांच्या तावडीत सापडलो. म्हटलं, घ्या दाजी, करा काय करायचं ते. मला वाटलं तासाभराचं काम असेल. दाजींनी मलाच कीबोर्डसमोर बसवलं आणि स्वतः शेजारच्या स्टुलावर दोन्ही हात काखेत घालून बसले, थंडी वाजून आल्यासारखे. "वाच," म्हणाले, "काय लिहिलंय पडद्यावर?" मी वाचलं. "मंग? काय म्हणून राह्यलं ते?" मी म्हणालो, मला काय माहीत. "पुना वाच." असे तीन तास. मध्ये अक्काचा चहा आला, फराळ आला. दाजींनी फराळाला काही हात लावला नाही आणि चहा निवून गेला तरी घेतला नाही. मी एकेक अक्षर शोधत आज्ञा टाइप करतोय, चुकतोय, आणि हा माणूस काखेतून हात काढायला तयार नाही. एक बटण चुकीचं दाबलं तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, "त्याच्या शेजारचं." अरे, मग दाबा की तुम्हीच! संध्याकाळी लॅपटॉप चालू झाला, झकास चालू झाला, हे मान्य करतो. पण माझी दिवाळी गेली.

त्यानंतर दर अडचणीला हेच. वायफाय लागत नाही, फोन करा, की पलीकडून "वाच, काय लिहिलंय?" शाळेतले सगळे मास्तर कॉम्प्युटर बिघडला की दुकानात नेऊन टाकत आणि संध्याकाळी परत आणत. मी एकटाच असा की ज्याच्या घरात जाणकार माणूस होता आणि तरी ज्याचं एकही काम वेळेवर होत नव्हतं. शेवटी गेल्या वर्षी चाचणी परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रिंटरनं दगा दिला. लॅपटॉपला प्रिंटर दिसत होता, कागद आत जात होता आणि कोराच्या कोरा बाहेर येत होता. मी लॅपटॉप आणि प्रिंटर एका पोत्यात घातले, एसटीत मांडीवर घेतले आणि पिंपळगाव गाठलं. दाजी स्टुलावर. हात काखेत. अक्का खाली बसून मेथी निवडत होती. "वाच," दाजी म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "हात झिजतील का तुमचे?" मी म्हणालो. त्यांनी हात काखेत आणखी आत खुपसले. मग जे बोलू नये ते बोललो. "दाजी, तुमाला येतंच न्हाई. नुसत्या गप्पा. येत आसतं तर एकदा तरी हात लावला आसता." अक्का मेथीची जुडी तशीच टाकून आत निघून गेली. दाजी हसले. "आसंल बाबा," एवढंच म्हणाले. मी पोतं उचललं, परतूरला येऊन दुकानात लिनक्स पुसून टाकायला लावलं आणि त्यानंतर वर्षभर दाजींशी कामापुरतं बोललो. ते मात्र भेटले की विचारायचे, "लॅपटॉप बराबर चालतो ना?" त्या प्रश्नानं मी आणखीच चिडायचो.

चौदावा झाल्यावर संतोष पुण्याला निघाला. जाताना दाजींचा लॅपटॉप माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "मामा, हे पुसून साधं काहीतरी टाकून घ्या. माझ्या पोरीला कामाला येईल. पासवर्ड कुणालाच माहीत न्हाई, आन् आईला काय कळतंय त्यातलं." मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा बरंच वाटलं. दाजींचं लिनक्स दुसऱ्यांदा पुसायची संधी आली होती. मी लॅपटॉप पिशवीत घालत होतो तेवढ्यात अक्का दारातून म्हणाली, "मला कुणी इचारलं का?"

तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला, पाटावर ठेवला, समोर मांडी घालून बसली आणि पासवर्ड टाकला. न बघता टाकला. माझी बहीण सातवी शिकलेली. कीबोर्डच्या बटणांवर चिकटपट्टीचे तुकडे होते आणि त्यांवर बॉलपेनानं मराठी अक्षरं लिहिलेली होती. मी आजवर तो दाजींचा विक्षिप्तपणा समजत होतो. ती अक्षरं अक्काच्या हातची होती.

"त्येंचा हात थरथरायचा," ती म्हणाली. "कंपवात. धा वर्सं झाली. जालन्याच्या डॉक्टरची गोळी चालू व्हती. बटण एक दाबायला जावं तर चार दाबायचे. रोज सकाळी भाकरी झाल्या की त्ये सांगायचे आन् म्या टाइप करायची."

"अगं, मंग सांगायचं की!" मी जवळजवळ ओरडलोच.

"केबलीच्या हाताचं नाव व्हतं ना त्येंचं. मला शपथ घातल्ती. तू त्या दिवशी बोलून गेल्तास, मंग म्हणले, बरं झालं, येत न्हाई आसं समजला. हात गेला आसं समजला आसता तर वंगाळ वाटलं आसतं."

आता याला काय म्हणावं? एका आजारी माणसावर मी वर्षभर रुसून बसलो आणि त्या माणसाला माझं रुसणं सोयीचं वाटलं. म्हणून तो चहा निवायचा, म्हणून तो फराळ तसाच राहायचा. मला दिसलं नाही, कारण मी पडद्याकडं बघत होतो. वाच वाच म्हणणाऱ्या माणसाकडं एकदा बघितलं असतं तर ते हात काखेत का, हे तेव्हाच कळलं असतं. संतोष भिंतीला टेकून खाली बसला. मला दाजींचा राग आला, माझा आला, आणि खूप रडू आलं. ते अजून येतं.

अक्कानं एक पान उघडलं. मराठीतून लिनक्सच्या अडचणी विचारायचा तो एक गट आहे, आणि दाजी तिथं 'पिंपळगावचे काका' म्हणून सगळ्यांना माहीत होते. पंधरा दिवसांत कितीतरी प्रश्न साचले होते. सगळ्यात वर एका बाईचा होता. तिच्याकडं जुना लॅपटॉप आहे, मुलीच्या अभ्यासाला हवाय, दुकानदार फेकून द्या म्हणतोय. खाली तिनंच दोनदा विचारलं होतं, काका, आहात ना?

"आई, ते कसं सांगणार तू?" संतोष म्हणाला. "राहू दे. मी दोन ओळी लिहितो आन् बंद करतो."

"बंद कशाला?" अक्का म्हणाली. ती एका बोटानं टाइप करू लागली. फार वेळ लागला. मध्ये एकदा तिनं पदरानं डोळे पुसले आणि चष्मा पुन्हा लावला. तिनं लिहिलं होतं, "काका पंधरा दिवसाखाली वारले. लॅपटॉप फेकू नका. चालू केल्यावर पडद्यावर काय लिहून येतं ते वाचून मला सांगा."

लॅपटॉप पुण्याला गेला नाही. रविवारी मी माझा घेऊन पिंपळगावला जातो, लिनक्स पुन्हा टाकायचंय. दोन रविवार झाले, अजून निम्मंही झालेलं नाही. अक्काला घाई नाही.