थकलेल्या हाताने बसवलेल्या पिना

आयर्लंडमध्ये धनुष्यबाणाने शिकार करायला बंदी आहे. तरी आमच्या क्लबातली मंडळी धनुष्याला शिकारीची साइट लावतात आणि रविवारी चिखलात उभी राहून फोमच्या हरणावर बाण सोडतात. मीही त्यातलीच. सरकारी हॉस्पिटलात नाइट ड्यूट्या करून हाडं खिळखिळी झालेली, त्यात हा उद्योग. नवरा विचारतो, "दमायला हॉस्पिटल कमी पडतं का तुला?"

कमी पडत नाही. पण बाण सोडताना कुणी पेशंट कोसळत नाही, एवढं मला पुरतं.

साइट म्हणजे धनुष्याला लावलेली छोटी चौकट. तिच्यात एकाखाली एक तीन पिना असतात: हिरवी वीस मीटरसाठी, पिवळी तीस, लाल चाळीस. हरिण किती लांब आहे त्याचा अंदाज घ्यायचा, त्या अंतराची पिन त्याच्या छातीवर धरायची आणि बाण सोडायचा. पिना बसवायचा नियमही सोपा आहे. बाण खाली लागला तर पिन खाली घ्यायची, वर लागला तर वर. सगळं जमलं की स्क्रूवर गोंदाचा थेंब सोडायचा, म्हणजे पुन्हा हलत नाही. तो थेंब मी टाळत आले होते.

पिना बसवल्या त्या हिवाळ्यात, नाइट संपवून तशीच मैदानावर जाऊन. बाण सारखे खाली लागायचे आणि मी पिना खाली घेत गेले. शेवटी लाल पिन चौकटीच्या तळाला टेकली. पण बाण लागायला लागले होते, मग कशाला डोकं खाजवा.

उन्हाळ्यात प्रश्न उभा राहिला. आणखी वर्षभर नाइट्स करायच्या, की एका लहान गावातल्या दवाखान्यात दिवसाची नोकरी घ्यायची? दिवसाची घेतली की कन्सल्टंट व्हायचं स्वप्न बहुतेक संपलं, आणि नागपूर सोडून आले होते ती त्यासाठीच. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. नवऱ्याचं एकच पालुपद होतं, "तू थकलीयेस." आणि माझं ठरलेलं आयरिश उत्तर, "आय अ‍ॅम ग्रँड रे, मस्त आहे मी, सोड ना."

त्याआधी साठलेली रजा संपवायची म्हणून दोन आठवडे घरी होते. शेजारीण विचारत होती, स्पेनला की पोर्तुगालला? कुठेच नाही, झोपले. वरणभात खाऊन झोपले, टीव्ही चालू ठेवून झोपले. रजेच्या शेवटच्या रविवारी आम्ही मैदानावर गेलो.

वीस मीटर. हिरवी पिन बरोबर छातीवर, आणि बाण हरणाच्या पाठीवरून थेट मागच्या काटेरी झुडपात! तीसला तेच. चाळीसचा तर दिसेनासाच झाला. साइट गाडीत आपटली असणार म्हणून मी नवऱ्यावर खेकसले. स्क्रू तपासले, तर सगळे घट्ट.

पुन्हा दोरी ओढली तेव्हा कळलं. हात पार गालापर्यंत येत होता आणि तिथेच ठरत होता. हिवाळ्यात तो ठरायचा नाही, बाण सुटायच्या आधीच थोडा पुढे घसरायचा, म्हणून बाण खाली पडायचे. त्या ढिल्या ताणाचे बाण मी खरे मानले होते आणि पिना त्यांच्या मागोमाग खाली नेल्या होत्या. रोज दुसऱ्यांच्या नाड्या बघणाऱ्या बाईला स्वतःचं हे धनुष्याकडून कळावं! राग नाही आला. रडू आलं, आणि आणखी थोडं झोपावंसं वाटलं.

"मी थकलेय रे," मी म्हटलं.

तो झुडपातून बाण ओढत होता. "वा! ब्रेकिंग न्यूज," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून बाण तिथेच सोडून जवळ आला.

मी तिन्ही पिना वर घेतल्या. प्रत्येक अंतरावरून बाण सोडून पाहिले. हरणाच्या छातीत लागले.

"उद्या नाइट्सना हो म्हणालीस," तो हळूच म्हणाला, "तर परत खाली घ्याव्या लागतील ना?"

सामानाच्या डब्यात गोंदाची बाटली होती, न फोडलेली. मी तिचं तोंड कापलं आणि तिन्ही स्क्रूंवर एकेक थेंब सोडला.

तो बघत राहिला. "हे वाळतं कधी?" त्याने विचारलं.

"उद्या सकाळपर्यंत," मी म्हणाले.