न गळणारं छप्पर

आमच्या घराला गॅरेज होतं आणि गाडी नव्हती. आजोबा एका वकिलांकडे कारकून होते. वकीलसाहेबांच्या बंगल्याला जे जे आहे ते आपल्याही घराला हवं, असं त्यांनी घर बांधताना ठरवलं होतं. त्या गॅरेजमध्ये आधी सायकली राहिल्या, मग दगडी कोळसा राहिला, आणि मिलच्या गेटला कुलूप लागल्यावर मिलची झांकी राहायला आली.

अनंत चतुर्दशीला इंदूरच्या रस्त्यांवरून मिल कामगारांच्या झांक्या निघतात. गाड्यांवर हलते पुतळे, दिव्यांच्या माळा आणि बघायला सगळं गाव. मिल बंद पडल्या, पगार थांबला, तरी लोकांनी वर्गणी काढून झांकी चालू ठेवली. घरी चूल पेटो न पेटो, झांकी निघालीच पाहिजे, हा आमचा इंदुरी हट्ट. माझे बाबा, अच्युत मुळ्ये, मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होते, तेव्हा झांकीचे दिवे त्यांच्याकडे. पुतळ्यांचं लोखंडकाम वाल्मिककाकांकडे. काका बुद्धविहारात जाणारे, गणपतीच्या आरतीला उभे राहायचे नाहीत; पण हनुमानाचा गदेचा हात वर गेला नाही की सगळे त्यांनाच हाका मारायचे.

माझा भाऊ हृषीकेश पिथमपूरच्या कारखान्यात इंजिनीअर म्हणून लागला आणि दोन वर्षांत त्याने मारुती बुक केली. आमच्या गल्लीतली पहिली. आईने, म्हणजे कुमुदिनीबाईंनी, लगेच फर्मान काढलं, “ते गॅरेज खाली करा. तीन ढीग लावा. ठेवायचं, द्यायचं आणि अटाल्यात घालायचं.”

बाबा रविवारी सकाळी कंबर कसून आत गेले. रावणाची डोकी, प्लायवूडचे ढग, सायकलच्या चेन, गदा, मोटरी, लट्टूंच्या म्हणजे बल्बांच्या माळा असं सगळं अंगणात आलं. दुपारपर्यंत तीन ढीग दिसत होते. मग बाबांनी अटाल्यातलं, म्हणजे भंगारातलं, एकेक उचलून बघायला सुरुवात केली, आणि संध्याकाळी अंगणात एकच ढीग होता, ठेवायचा. आई म्हणाली, “अहो, हे डोकं फुटलंय.” बाबा म्हणाले, “राक्षसाचं आहे, फुटलेलंच चांगलं दिसतं.”

हसून घ्या. पण खरी अडचण वेगळी होती. ते सामान बाबांचं नव्हतंच, झांकी काढणाऱ्या सगळ्या मंडळाचं होतं. मंडळाला एवढंच सांगायचं होतं की आमच्याकडे गाडी येतेय, दुसरी जागा बघा. हे एक वाक्य बाबांच्या तोंडातून निघेना. बंद गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर रोज सगळे जमायचे. त्यातला विष्णू राजवाड्याजवळ हातगाडी लावत होता. वाल्मिककाका सांवेर रोडच्या एका कारखान्यात चौकीदार झाले होते. आणि त्यांच्यासमोर बसून म्हणायचं, आमची मारुती येतेय? बाबांना स्वतःच्या मुलाच्या कमाईची लाज वाटत होती, आणि ती लाज वाटते म्हणून आणखी लाज वाटत होती.

शेवटी टपरीवर सगळ्यांसमोर त्यांनी तोंड उघडलं आणि भलतंच बोलून गेले. “गॅरेजचं छप्पर गळतंय यार. सामान भिजेल. कुठे दुसरीकडे हलवता आलं तर बघा.”

मिलच्या माणसांना कुणाचं छप्पर गळतंय असं सांगायचं नसतं. पुढच्या रविवारी चहा व्हायच्या आत फाटकासमोर ठेला उभा. त्यावर शिडी, हातोडे, डांबराचा डबा आणि चार पत्रे. “क्या भिया, आधी बोलायचं ना!” विष्णू ओरडला. बाबा म्हणाले, कशाला, राहू द्या, मी बघतो. पण तोवर वाल्मिककाका वर चढलेसुद्धा. ते वर बराच वेळ उकिडवे बसून राहिले. बाबा खाली शिडी धरून उभे, चेहरा पांढराफटक. मग काकांनी वरून हाक मारली, “पत्रे द्या रे!”

दिवसभर ठोकाठोक चालली. एवढ्यावर थांबतील तर ती मिलची माणसं कसली! खालून ओल येऊ नये म्हणून त्यांनी लोखंडी अँगलची मचाणं बनवली, सामान झाडून पुसून त्यावर चढवलं. माळा खिळ्यांना, मोटरी खोक्यात, डोकी ओळीने. आमचं गॅरेज इतकं नीटनेटकं कधीच नव्हतं, आणि आता त्यात सायकलसुद्धा शिरणार नव्हती. आईने सगळ्यांना पोहे दिले आणि आत येऊन कपाळाला हात लावला.

नागपंचमीला गाडी आली आणि रस्त्यावर उभी राहिली. हृषीकेश रोज संध्याकाळी तिच्यावर प्लॅस्टिक बांधायला लागला. बाबा खिडकीतून ते बघायचे. चार दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी मला म्हणाले, “मंजिरी, लूना काढ. वाल्मिककडे जायचंय. खरं सांगून टाकतो.”

आम्ही पोचलो तेव्हा पाऊस लागला होता. काकांच्या घराच्या पुढच्या पडवीवर छप्परच नव्हतं. नुसत्या लाकडी बल्ल्या आणि वर निळी ताडपत्री. मीराकाकू खाली बादली सरकवत होत्या. आम्हाला बघून हसल्या. “या ना भाऊजी. तुमचं आता गळत नाही ना?”

बाबांनी वर ताडपत्रीकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं. वाल्मिककाका आतून आले, त्यांनी खाट कोरड्या कोपऱ्यात ओढली.

“वाल्मिक, हे पत्रे इथले होते?”

“होते. त्यात काय, बैठ जा.”

“माझं छप्पर गळत नव्हतं.”

“माहीत आहे,” काका म्हणाले. “वर गेल्या गेल्या कळलं. कुठे भोक नाही, फट नाही.”

“मग ठोकलेस कशाला?”

“खाली पाच-सहा जण उभे होते भिया. गळत नाही म्हटलं असतं तर तू त्यांच्यासमोर खोटा पडला असतास.”

बाबा म्हणाले, “घरात गाडी आली. सांगायची लाज वाटली.”

“गाडीची लाज वाटली की आमची?”

काका चिडले नव्हते. खरंच विचारत होते, म्हणून ते जास्त लागलं. बाबांनी मान खाली घातली. मला उत्तर ठाऊक होतं, म्हणून मीही घातली.

“रविवारी सामान उचलतो,” काका म्हणाले. “विष्णूच्या भाच्याकडे खोली आहे. गाडी आत लाव.”

बाबांनी त्यांचा हात धरला. “उद्याच येतो. पत्रे काढून इथे परत लावून देतो. माझं जुनं छप्पर चांगलं आहे, वाल्मिक.”

“होतं,” वाल्मिककाका म्हणाले. “मी त्याच्यातूनच खिळे ठोकलेत. पत्रे काढलेस तर आता खरंच गळेल.”