श्वासाची जागा

दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा सगळ्या बिल्डिंगला वाटलं, आता हा माणूस जरा विसावेल. कुठलं काय! जन्मभर लोकांना 'आ करा' म्हणणाऱ्या डॉक्टरांनी 'गप्प बसा आणि ऐका' हा नवा उद्योग काढला. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला खुर्ची मिळायची. खुर्चीची जागा ठरलेली, मान कुठं टेकवायची तेही ठरलेलं. दवाखाना काय नि दिवाणखाना काय, डॉक्टरांच्या खुर्चीतला माणूस भेदरलेलाच दिसायचा.

लोक त्यांना पाठीमागं 'कानसेन' म्हणत आणि स्पीकर घ्यायचा असला की तोंडावर 'डॉक्टरसाहेब'. त्यांना बरोबर नेल्याशिवाय कुणी साधा रेडिओही घेत नसे. डॉक्टर दुकानात डोळे मिटून उभे राहत, जरा वेळ ऐकत आणि निकाल देत, "याला सर्दी झालीय." दुकानदार निमूटपणे दुसरा डबा काढायचा.

त्यांचं स्वतःचं प्रकरण मात्र दोन डब्यांचं. एक प्रीअँप आणि एक पॉवर अँप. "सुईतून आवाज येतो तो मुंगीएवढा," डॉक्टर समजावून सांगत. "प्री त्याला न्हाऊमाखू घालून, नीटनेटका करून पुढं पाठवतो. पॉवर त्याला ताकद देतो, मग स्पीकर हलतो." यावर खालच्या मजल्यावरच्या वकिलांनी एकदा शेरा मारला, "म्हणजे तुमच्या घरासारखंच. ठरवतात वहिनी, ओरडता तुम्ही." वहिनी हसल्या. डॉक्टर नाही हसले; या विषयात त्यांना थट्टा खपत नसे.

आणखी एक गोष्ट त्यांना खपत नसे. प्रीअँपवर जाड-बारीक आवाज कमीजास्त करायची बास-ट्रेबलची बटणं. "गाणाऱ्यानं गायलंय तसं ऐकावं. वरून मीठ कसलं घालता?" असं म्हणून त्यांनी वकिलांच्या नव्याकोऱ्या यंत्राचा चारचौघांत पाणउतारा केला होता.

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी एक जुनी तबकडी होती. डॉक्टर शिकत होते, लग्न नवं होतं आणि भाड्याच्या खोलीत एक खाट नि एक उसना रेकॉर्ड प्लेअर होता, तेव्हाची. तबकडीतली बाई गाता गाता वरच्या पट्टीत चढायच्या आधी क्षणभर थांबते आणि श्वास घेते. इतका बारीक की पान उलटल्यासारखा. पहिल्यांदा तो ऐकू आला तेव्हा दोघांनी एकदमच एकमेकांकडं पाहिलं होतं. तेव्हापासून घरात रीत पडली. ती जागा आली की डॉक्टर तर्जनी वर करायचे, "हा!" वहिनी विणत असल्या तरी मान हलवायच्या. मुलगी परदेशी गेली, दवाखाना वाढला, केस गेले, पण बोट कधी चुकलं नाही.

मग तो श्वास हरवला.

आधी डॉक्टरांनी सुई बदलली. मग तबकडी धुतली. मग वायरी बदलल्या. शेवटी ठरलं की दोष प्रीअँपचा. म्हातारा झालाय, बारीकसारीक गिळतो. दुकानदार जुना ओळखीचा. घरी नेऊन ऐका, पटलं तर ठेवा, नाहीतर परत आणा, असा त्याचा रिवाज. डॉक्टरांनी त्या रिवाजाचा जीव काढला. व्हॉल्व्हचा प्री आणला, "मऊ आहे, सगळ्यावर साय धरतो" म्हणून परत केला. ट्रान्झिस्टरचा आणला, "हा तर मुका" म्हणून परत केला. मग संशय पॉवर अँपवर गेला आणि दोन माणसांनी उचलायचे डबे जिन्यावरून चढू-उतरू लागले.

"डॉक्टर," वकील जिन्यात अंग चोरून उभे राहत म्हणाले, "दात तर बघता बघता उपटायचात. एक डबा निवडायला एवढा वेळ?"

"दात दुखत असतो, वकीलसाहेब. कुठला ते पेशंट सांगतो. इथं सांगणारं कोण आहे?"

एके दिवशी डॉक्टर जो प्रीअँप घेऊन आले त्याच्यावर बटणं होती. बास, ट्रेबल, सगळी. दुकानदारानं तो कोपऱ्यात टाकून दिला होता. डॉक्टरांनी दुकानातच ट्रेबलचं बटण उजवीकडं पार टोकापर्यंत फिरवलं. दुकानदार एक पाऊल मागं सरला. "जरा... झगझगीत वाटतोय, डॉक्टरसाहेब."

"उजेड आहे उजेड! इतके दिवस अंधारात बसलो होतो."

घरी तबकडी लावली. वहिनी शेजारच्या खुर्चीत विणत होत्या. बाई गात वर चढली, वहिनींच्या सुया थांबल्या आणि डॉक्टरांचं बोट वर गेलं. "हा! आला बघ!"

"आला," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टर इतके खूश झाले की वकिलांना वर बोलावून चहा पाजला आणि बटणांबद्दलचे आपले जुने शब्द मागं घेतले. वकिलांनी एक बाजू ऐकली, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "पुन्हा दवाखाना उघडलात की काय? तुमचं ते दात कोरायचं मशीन चालू असल्यासारखं वाटतंय." सगळे हसले. त्या दिवशी डॉक्टरही हसले.

वहिनींना मात्र घरातल्या घरात कानाला रुमाल बांधायची सवय लागली. कुणी विचारलं तर म्हणत, "वारं सोसत नाही हो आता."

मग वहिनींची बहीण आजारी पडली आणि त्या तिच्याकडं राहायला गेल्या. डॉक्टरांनी दुपारी भात-वरण कसंबसं उरकलं आणि तबकडी लावली. बाई वर चढली. श्वास आला नाही. सुई उचलून परत ठेवली. नाही. बटण टोकाला होतंच, आवाजच वाढवला. नाही.

त्यांना वाटलं, खुर्चीची जागा चुकतेय. तिच्या खुर्चीतून नीट येत असेल. ते वहिनींच्या खुर्चीत जाऊन बसले. हाताला विणकामाची पिशवी लागली. लोकरीच्या गुंड्याखाली काहीतरी मऊ होतं. त्यांनी बाहेर काढलं.

कापसाचे दोन बोळे. दात भरताना पेशंटच्या गालात ठेवायचे, ते. दवाखाना आवरताना उरलेलं खोकं त्यांनीच घरी आणलं होतं. हे दोन वापरलेले होते, एका टोकाला चेपून निमुळते झालेले. तोंडात ठेवलेला बोळा कसा होतो हे त्यांना सांगायला नको होतं. हे तोंडातले नव्हते.

तबकडी संपून सुई मध्यापाशी खरखरत राहिली. ती खरखरही त्यांना ऐकू येत नव्हती. नुसती तबकडी फिरताना दिसत होती. दात कोरायचं मशीन जन्मभर कानापाशी किंचाळत होतं. पेशंटचे दात राहिले, आपला कान गेला. श्वास आला होता तो ऐकून नव्हे, तिच्या सुया थांबलेल्या पाहून. आणि तो किती बहिरा झालाय हे या घराला बटण टोकापर्यंत पिळून आपणच ऐकवत होतो.

वहिनी परत आल्या तेव्हा ट्रेबलचं बटण मधोमध होतं आणि टीपॉयवर दोन बोळे ठेवलेले होते. त्यांनी पाहिलं. हातातली पिशवी खाली ठेवली.

"बहीण कशी आहे?"

"बरी आहे."

"सुया तू मुद्दाम थांबवायचीस?"

वहिनी खुर्चीच्या कडेवर टेकल्या. "तुम्हाला दिसावं म्हणून."

"कधीपासून?"

"दवाखाना चालू होता तेव्हापासून. आधी नुसती मान हलवायचे. मग तुमचं लक्ष जाईना, म्हणून सुया."

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"काय सांगू? एवढ्या हौसेनं बोट वर करायचात."

डॉक्टरांनी बोळे उचलून खिशात टाकले. केराच्या डब्यात टाकवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते वहिनींना घेऊन दुकानात गेले. इतक्या वर्षांत वहिनी त्या दुकानाची पायरी पहिल्यांदा चढल्या. दुकानदारानं लगबगीनं डॉक्टरांसाठी खुर्ची सरकवली.

"मला नको. हिला द्या. आज निवडणार ही."

"अहो, मला काय कळतंय त्यातलं? प्री कुठला नि पॉवर कुठला तेही ठाऊक नाही मला."

"नसू दे. कानाला टोचलं तर सांग. रुमाल काढ आधी."

वहिनींनी रुमाल सोडला. पर्स मांडीवर घट्ट धरून त्या बसल्या, अगदी दवाखान्यात बसावं तशा. दुकानदार एकेक जोडी लावत गेला. डॉक्टर स्पीकरकडं पाठ करून तिच्यासमोर उभे राहिले. एरवी मिटलेले डोळे आज उघडे होते. एका जोडीला तिच्या भुवया आक्रसल्या. डॉक्टर म्हणाले, "काढा." दुसरीला ती नुसती सभ्यपणे बसून राहिली. "काढा." तिसरी लागली आणि तिचे खांदे खाली आले. पर्सवरची बोटं सैल झाली. बाई गात वर चढू लागली, आणि वहिनींची तर्जनी हळूच, चार माणसांत लाजत, वर आली.

"आला?"

"आला."

"कसा आहे?"

वहिनींनी जरा विचार केला. "आहे तसाच. घाबरलेला थोडा."

"हो. घाबरलेलाच होता तो," डॉक्टर म्हणाले. "हीच जोडी बांधा."

त्या यंत्रावर एकही जादा बटण नव्हतं. आता संध्याकाळी वरून येणारं गाणं खालच्या मजल्यावर जेमतेम पोचतं आणि वकील थट्टा करत नाहीत. बिल्डिंगमध्ये रेडिओ घ्यायचा असला तरी डॉक्टरांना कुणी बोलवत नाही. बोलावलंच, तर ते वहिनींना पाठवतात. तबकडी लागली की डॉक्टर आपली खुर्ची वळवून तिच्याकडं तोंड करून बसतात. त्या विणत असतात. सुया थांबत नाहीत, चोरून थांबवायचं आता कारण उरलेलं नाही. फक्त एका जागी त्या उजवी सुई सोडतात आणि बोट वर करतात. डॉक्टर मान हलवतात. त्यांचे हात मांडीवर असतात.