निंबावरची गुळवेल

बडनेऱ्याच्या फलाटावर बाबा रडले नाहीत. छत्तीसगड नवंनवं झालेलं, नवऱ्याची बदली रायपूरला, आणि मी मांडीवर कुकर घेऊन खिडकीशी. गाडी हलताना ते एवढंच म्हणाले, "दार उघडं ठेवजो. मी कवाही येईन."

तुम्ही माहेरचे सगळे विचारता, परत कधी येणार? इतकी वर्षं उडवाउडवी केली. आज सांगते.

शंकर नगरात संसार रुळला. इरा इथंच झाली. तिला मराठी समजायचं, उत्तर हिंदीत. ती दुसरीत असताना ताप आला, आणि मग ती झोपेना, मधेच किंचाळायची, तोंड वेडंवाकडं करायची. एका सकाळी मलाच म्हणाली, "आप कौन हो?"

शेजारच्या दीदींनी झाडफूक करणारा सुचवला. सासूबाईंनी फोनवरूनच दृष्ट काढली. डॉक्टरांनी पाठीतलं पाणी तपासलं. "शरीर को बचाने वाली ताकत ही इसके दिमाग पर टूट पड़ी है. उसी को दबाना है." स्टेरॉइड झाली, मग शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन नावाचं औषध. चेहरा फुगला, किंचाळणं थांबलं, ओळख मात्र परतली नाही; मला आई म्हणेना, फोटोतल्या आजोबांना आबा म्हणेना. घरी सोडताना ताकीद मिळाली: साधी सर्दीही हिला झेपणार नाही, कुणाला भेटू देऊ नका, प्रतिकारशक्ती वाढवणारं काही देऊ नका.

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे जन्माचा बोल. बाबा न कळवता आले. खोकत होते, पिशवीत निंबावरच्या गुळवेलीच्या कांड्या. मी फाटक उघडलं नाही.

"काहून व? काढ्यानं ताकद येते ना पोट्टीले!"

"ताकदच तर नाही पायजे, बाबा."

त्यांना ते पटलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण कडीवरचा हात काढला नाही.

"बरं. मंग मी इथंच बसतो," म्हणून ते बाहेरच्या पायरीवर टेकले.

खिडकीत इरा येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आबा, बाहर काहून बैठे हो? अंदर आओ ना."

बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर धरला. "येईन व माय. खोकला जाऊ दे." त्या दिवशी मात्र ते रडले, आणि फाटकाच्या आत मीही.

इरा आता कॉलेजात आहे. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे: ज्या घरासाठी मी बापाला दाराबाहेर बसवलं, तेच माझं घर. बडनेऱ्याला मी येईन, पाहुणी म्हणून. परत जाईन ती रायपूरलाच.