डग्ग्याचा हात

रेकॉर्ड ऐकताना नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उजवा हात मांडीवर ठेका धरायचा आणि डावा, डग्ग्याचा हात, नुसता पडून असायचा. नवा प्लेअर जोडल्यापासून हे दिसत होतं.

"डग्गा कुठे गेला रे? नुसती तबल्याच्या कडेची चाटच वाजतेय," ते म्हणायचे.

आवाज मलाही किरटा, टोचरा वाटत होता. मी रेकॉर्डवर पडणारं सुईचं वजन छोट्या काट्यावर मोजलं. दीड ग्रॅम होतं, ते पावणेदोन केलं, मग दोन. लेव्हल लावून प्लेअर सपाट केला. आकडे बरोबर आले, तक्रार तीच राहिली. शेवटी पाहुण्यांसमोर मी म्हणालो, "डग्गा जागेवर आहे नाना, तुमचे कान गेलेत." सगळे हसले. नानाही हसले.

पंधरा दिवसांनी धूळ पुसताना दिसलं, एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा मीच उलट जोडल्या होत्या. दोन स्पीकर एकमेकांचा खर्ज खाऊन टाकत होते. म्हातारपणी आधी बारीक आवाज ऐकू येईनासे होतात, खर्ज बराच टिकतो, हे मला माहीत होतं. तरी मी यंत्राचे आकडे खरे मानले आणि समोरचा तो पडलेला हात मोजलाच नाही.

तारा बदलल्या. डग्गा खोलीभर घुमला.

"आला ना, नाना?"

त्यांचे दोन्ही हात मांडीवर स्वस्थ होते. "तू म्हणतोस, तर आला असेल."